चार्ल्स एल्टन : प्राण्यांची शिरगणती करणारा माणूस

मंडळी, गेल्या भाद्रपदातली गोष्ट. आमच्या घराण्यात तेरड्याच्या गौरी. कोकणात परसात गेले की तेरडा हाताशी, पण इथे इंग्लंडात तो आणायचा कुठून? इतकी वर्षे आम्ही चित्रावर भागवत आलो. या खेपेस गावाबाहेरच्या ओढ्याकाठी फिरायला गेलो तर काय, पुरुषभर उंचीची, गुलाबी फुलांनी लगडलेली झाडे, आणि शेंगेला बोट लावताच ती टचकन फुटून बी उडते आहे. हा तर आपला तेरडाच, जरा धिप्पाड इतकेच! आम्ही हर्षभराने पाचसहा रोपे मुळासकट उपटून घरी आणली.

संध्याकाळी आमची कन्या शाळेतून आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. हीच झाडे तिच्या वर्गाने जूनमध्ये त्याच ओढ्याकाठून, बी धरायच्या आत, उपटून काढली होती. आम्ही मात्र पिकल्या शेंगांसकट ती मोटारीत घालून आणली होती! मग तिने आमची शिकवणी घेतली. याचे नाव हिमालयन बॉलसम. तेरड्याचा हा हिमालयातला भाऊ १८३९ साली बागेची शोभा म्हणून इंग्लंडात आणला गेला. एकेका झाडाला आठशेपर्यंत बिया धरतात आणि शेंग फुटली की त्या सात मीटरपर्यंत फेकल्या जातात. बाकीच्या झाडांना तो सावलीखाली दडपतो आणि हिवाळ्यात स्वतः मरून जातो, मग उघडी पडलेली माती पाण्याबरोबर वाहून जाते. २०१० पासून तो मोकळ्या रानात लावणे किंवा पसरवणे हा इथे कायद्याने गुन्हा आहे. गौरींचे विसर्जन होताच आम्ही ती रोपे घट्ट बांधलेल्या पिशवीत घातली.

इथवर सगळे हसण्यावारी गेले. पण रात्री जेवताना तिने विचारले की हा तेरडा आपल्याकडचा, इथे त्याचा काही दोष नसताना वाढला, आणि आता सगळे त्याला परका म्हणून उपटतात. मग आपण कोण? आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. कॉम्प्युटरवाल्यांना अशा वेळी एकच सुचते, मूळ दस्तऐवज उघडून पाहायचा. परक्या झाडाप्राण्यांचा हा विषय ज्याने शास्त्र म्हणून उभा केला त्या माणसाबद्दल आम्ही लायब्ररीतून पुस्तके आणून वाचली. त्याचे नाव चार्ल्स सदरलंड एल्टन. मुलांनो, त्याचीच ही गोष्ट.

एल्टनचा जन्म २९ मार्च १९०० रोजी मँचेस्टरला झाला. वडील इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक, पुढे लिव्हरपूलला गेले. आई मुलांसाठी पुस्तके लिहीत असे. घर पुस्तकांचे, पण या मुलाचे लक्ष खिडकीबाहेर. त्याला रानावनात बघायला शिकवले ते मोठ्या भावाने, जेफ्रीने. कुठे कोणता पक्षी, कोणता किडा दिसला याच्या नोंदी वहीत लिहून ठेवायची सवय त्याला शाळकरी वयातच लागली आणि ती जन्मभर सुटली नाही.

ऑक्सफर्डला तो प्राणिशास्त्र शिकायला गेला. त्या काळचे प्राणिशास्त्र म्हणजे मेलेला प्राणी कापायचा आणि त्याची हाडे दुसऱ्याच्या हाडांशी ताडून पाहायची. जिवंत प्राणी काय खातो, कोणाला भितो, एका रानात किती असतात, हे विचारणे म्हणजे हौशी लोकांचा छंद मानला जाई. एल्टनचे नशीब असे की त्याला ज्युलियन हक्सले हे शिक्षक मिळाले. १९२१ साली ते त्याला उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटांच्या मोहिमेवर घेऊन गेले.

तिथे झाडे नाहीत, प्राणी मोजकेच. इतके थोडे की कोण कोणाला खातो याचे संपूर्ण चित्र एका कागदावर काढता येईल. एल्टनने आणि त्याच्या एका वनस्पतितज्ज्ञ सोबत्याने अस्वल बेटाचे असे चित्र खरोखरच काढले, आणि १९२३ साली ते छापून आले. चौकोन, बाण, पुन्हा चौकोन. आमच्या ऑफिसात आम्ही रोज असलेच चित्र काढतो, फक्त चौकोनात पक्षी, कोल्हे आणि शेवाळ नसते! जगाकडे असे बघणारा माणूस आम्हांला पहिल्याच पानावर आपला वाटला.

१९२३ मध्ये तो पुन्हा ध्रुवाकडे गेला. परतताना नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावी एका दुकानात नॉर्वेच्या सस्तन प्राण्यांवरचे एक जाडजूड पुस्तक दिसले. खिशात तीन पौंड उरले होते. त्यातून त्याने ते पुस्तक घेतले. नॉर्वेजियन भाषा येत नव्हती! घरी येऊन, शब्दकोश शेजारी ठेवून, तो शब्दामागून शब्द लावत बसला. (रविवारी सकाळी मराठी वाचताना कंटाळणाऱ्या आमच्या बालदोस्तांनी हे ध्यानात घ्यावे. तुमच्या मदतीला निदान आईबाबा तरी आहेत.) त्या पुस्तकात लेमिंग नावाच्या, उंदराएवढ्या प्राण्याची हकीकत होती. काही वर्षी लेमिंग इतके वाढतात की डोंगर हलतो आहे असे वाटावे, आणि पुढच्या वर्षी औषधालाही सापडत नाहीत. अशी वर्षे एल्टनने मांडून पाहिली तर ती साधारण तीनचार वर्षांच्या अंतराने येत होती. तोवर लोक समजत की निसर्गात सगळे समतोल असते, बिघडवतो तो माणूसच. या चोवीस वर्षांच्या पोराने १९२४ साली लिहून दाखवले की प्राण्यांची संख्या मुळी स्थिर नसतेच, ती खालीवर होत राहते.

आता त्याला आणखी आकडे हवे होते, आणि ते मिळाले कुठे तर एका व्यापारी कंपनीच्या कपाटात. हडसन्स बे कंपनी १६७० पासून कॅनडात कातडी विकत घेत होती आणि कोणत्या साली कोणत्या प्राण्याची किती कातडी आली, हे कारकुनांनी इमानेइतबारे लिहून ठेवले होते. ध्रुवमोहिमेतल्या एका मित्राला तिथे नोकरी लागली आणि त्याच्या ओळखीने १९२५ मध्ये एल्टन कंपनीचा जीवशास्त्र सल्लागार झाला. जुन्या खातेवह्या उलगडल्या तेव्हा लिंक्स या रानमांजराची संख्या दर दहा वर्षांच्या सुमाराने चढते आणि कोसळते असे दिसले, त्याचे भक्ष्य असलेल्या सशांचीही तशीच. कातडी मोजणाऱ्या त्या कारकुनांना आपण विज्ञानाची सेवा करतो आहोत याची कल्पनाही नसेल. १८२१ ते १९३४ या ११४ वर्षांचे लिंक्सचे आकडे आज ‘आर’ नावाच्या संख्याशास्त्राच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नमुना म्हणून घालून दिलेले असतात. आमच्यापैकी एकाने नोकरीत ते किती वेळा उघडले असतील, पण ते कोणी आणि कुठून गोळा केले हे या लेखाच्या निमित्तानेच कळले.

१९२७ साली हक्सलेंच्या आग्रहावरून त्याने ‘अ‍ॅनिमल इकॉलॉजी’ हे पुस्तक अवघ्या तीन महिन्यांत लिहिले. शाळेत तुम्ही अन्नसाखळी शिकता ना? पिरॅमिड काढता, खाली पुष्कळ किडे, वर थोडे पक्षी आणि अगदी टोकाला एखादा ससाणा? ते सगळे या पुस्तकाने रूढ केले. पण आम्हांला त्यातली दुसरी कल्पना जास्त आवडली. एल्टन म्हणे, प्राण्याची ओळख त्याच्या रूपावरून करू नका, तो करतो काय ते पाहा. गावात वाणी, न्हावी, पोस्टमन असतात, तसा रानात प्रत्येकाचा काहीतरी धंदा असतो. ध्रुवाकडचा कोल्हा पक्ष्यांची अंडी पळवतो आणि अस्वलाने उरवलेले सील खातो. आफ्रिकेतला तरस शहामृगाची अंडी पळवतो आणि सिंहाने उरवलेला झेब्रा खातो. हजारो मैलांचे अंतर, वेगळे कूळ, पण धंदा एकच.

त्याच १९२७ साली भाऊ जेफ्री वारला, जेमतेम तेहेतिसाव्या वर्षी. ज्याने बघायला शिकवले त्याच्या जाण्याचे हे दुःख एल्टनने मनात फार वर्षे बाळगले.

१९३२ मध्ये ऑक्सफर्डला त्याने प्राणिसंख्येच्या अभ्यासाचे एक छोटेसे केंद्र काढले, ब्यूरो ऑफ अ‍ॅनिमल पॉप्युलेशन. माणसे थोडी, पैसे त्याहून थोडे. स्वभाव मितभाषी आणि भिडस्त, भाषणे देण्यापेक्षा टेबलाशी बसून चहा पीत बोलणे त्याला मानवे. पुढे १९३७ मध्ये कवयित्री ई. जे. स्कोव्हेल यांच्याशी त्याचा विवाह झाला. याच केंद्रात तुमच्या लाडक्या राखाडी खारींची मोठी पाहणी झाली. होय, पार्कात ज्यांना तुम्ही शेंगदाणे घालता त्याच. त्या इथल्या नव्हेत. १८७६ मध्ये चेशायरमधल्या एका बागेत अमेरिकेतून आणून सोडल्या आणि तिथून त्या पसरत गेल्या. इथली मूळची तांबडी खार आता इंग्लंडातून जवळजवळ हद्दपार झाली आहे, कारण राखाडी खारीबरोबर आलेला एक रोग राखाडीला बाधत नाही आणि तांबडीला मारतो.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि धान्य वाचवणे हे लढण्याइतकेच महत्त्वाचे झाले. सरकारने एल्टनच्या मंडळींना उंदीर, घुशी आणि सशांच्या मागे लावले. पहिली अडचण ही की घूस नव्या वस्तूला लवकर तोंड लावत नाही. विषारी गोळी टाकली की एखादी मरते, बाकीच्या शहाण्या होतात. या लोकांनी ठरवले की आधी काही दिवस नुसता साधा गहू ठेवायचा, रोज किती खाल्ला ते तोलायचे, मंडळी निर्धास्त झाली की मगच विष. गहू तोलल्यामुळे आधी घुशी किती होत्या आणि नंतर किती उरल्या याचा अंदाजही येई. आजोळच्या माळ्यावर पिंजरा लावणाऱ्या आजीला हे तत्त्व ठाऊक होते, फक्त तिने तराजू वापरला नव्हता.

युद्धानंतर त्याच्या मनात एक विषय घोळत होता. आगबोटी आणि विमाने यांच्यामुळे जगभरचे प्राणी, झाडे, रोगजंतू एकमेकांच्या देशांत जाऊन पोचत होते. १९५७ साली बीबीसी रेडिओवर त्याने या विषयावर तीन भाषणे दिली आणि १९५८ मध्ये त्यांचे पुस्तक झाले, ‘द इकॉलॉजी ऑफ इन्व्हेजन्स बाय अ‍ॅनिमल्स अँड प्लँट्स’. त्यातली उदाहरणे वाचून आम्ही चाट पडलो. १९०५ मध्ये प्रागजवळ कोणी हौसेने पाच मस्करॅट सोडले, त्यांची प्रजा युरोपभर झाली. १८९० आणि १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्कात शंभरेक स्टार्लिंग सोडले, ते अमेरिका खंडभर पसरले. मलेरियाचा आफ्रिकी डास ब्राझीलमध्ये पोचला आणि १९३८ मध्ये तिथे मोठी साथ आली. फार खटपटीने त्याचे तिथून उच्चाटन केले.

आपल्याकडेही हे नवे नाही. अमेरिकेतले गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसले आणि तिथून देशभर माजले. पण मिरची, बटाटा, पेरू हेही अमेरिकेतूनच आले, आणि त्यांच्याविरुद्ध कोणाची तक्रार आम्ही तरी ऐकलेली नाही. उलट आपली साधी साळुंकी, किडे खाईल म्हणून १८६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात नेली, आणि आज तिथे लोक तिच्या नावाने बोटे मोडतात.

असे का होते? एल्टनचे उत्तर असे. आपल्या मूळ ठिकाणी प्रत्येक जिवाला खाणारे, पोखरणारे, जागेसाठी भांडणारे शेजारी असतात. तो परदेशी जातो तेव्हा हे शेजारी मागे राहतात. ओढ्याकाठच्या त्या तेरड्याचे तसेच. हिमालयात त्याच्यावर तांबेरा पडतो, इथे तो नव्हता. म्हणून २०१४ पासून शास्त्रज्ञांनी तिकडून तांबेऱ्याची बुरशीच आणून, आधी नीट तपासून, इथे सोडायला सुरुवात केली आहे. जुना शेजारी बोलावून घेतला म्हणा ना. एल्टन पुढे म्हणे की ज्या रानात नाना प्रकारचे जीव आहेत तिथे आगंतुकाला शिरकाव कठीण. बेटावर जाती थोड्या, तिथे तो लगेच माजतो. मैलोगणती एकच पीक असलेल्या शेतात कीड फोफावते, घनदाट जंगलात नाही. म्हणून शेतांमधली कुंपणाची झुडपे तोडू नका, रस्त्याकडेचे गवत राहू द्या, सरसकट विष फवारू नका, असे तो सांगत राहिला. १९६२ साली रेचेल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहिले त्यात एल्टनचा आधार आहे.

आता इंजिनियर म्हणून आमचा प्रश्न असा की हे म्हणणे तपासून पाहिले का? पाहिले, आणि गंमत तिथेच आहे. १९७० च्या दशकात रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवले की घटक वाढले म्हणजे व्यवस्था आपोआप स्थिर होते असे मुळीच नाही. (मोठा प्रोग्रॅम सांभाळलेल्या कोणालाही हे गणिताशिवाय पटेल.) मग लोक प्रत्यक्ष रानात गेले. अमेरिकेत मिनेसोटातल्या छोट्या वाफ्यांत मुद्दाम कमीजास्त जाती लावून पाहिल्या, तर ज्या वाफ्यात जाती जास्त तिथे बाहेरचे तण कमी शिरले. एल्टन बरोबर! पण दुसऱ्यांनी सगळ्या अमेरिकेचे आकडे जिल्हावार मांडले, तर जिथे मूळच्या वनस्पती जास्त तिथेच परक्याही जास्त. एल्टन चूक?

दादर स्टेशन डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी सहाला खच्चून भरलेल्या एका डब्यात आणखी एक माणूस शिरू शकत नाही. पण म्हणून दादरला माणसे कमी उतरतात का? आडगावच्या रिकाम्या स्टेशनापेक्षा कितीतरी जास्त, कारण तिथे गाड्या आहेत, कामधंदा आहे. एक वाफा म्हणजे डबा, आणि अख्खा जिल्हा म्हणजे दादर. चांगली माती, पाऊस आणि नाना तऱ्हेच्या जागा जिथे आहेत तिथे मूळचेही सुखाने राहतात आणि नवेही. कोणत्या मापाने पाहता यावर उत्तर अवलंबून. आम्हांला वाटते, जन्मभर मोजत बसलेल्या एल्टनला आपली ही दुरुस्ती आवडली असती.

राहता राहिला आमच्या कन्येचा प्रश्न. एल्टनच्या पुस्तकात स्वारी, स्फोट, आघाडी असे युद्धातले शब्द पदोपदी येतात. युद्ध नुकतेच होऊन गेले होते, ते कानावर बसलेले असणार, पण ते शब्द पुढे चिकटून राहिले आणि आज खटकतात हे आम्ही कबूल करतो. २०११ मध्ये १९ शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या साप्ताहिकात लिहिले की जीव कुठून आला यावरून त्याला दोषी धरू नका, तो काय करतो ते पाहा. यावर दुसऱ्यांनी उलट उत्तरे दिली, कारण उंदीर पोचल्यावर ज्या बेटांवरचे पक्षी कायमचे संपले तिथे ही चर्चा ऐकायला पक्षीच उरलेले नाहीत. आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे सारे हिशेब जातींचे आहेत, आणि रत्नागिरीचा काय किंवा रेडिंगचा काय, माणूस ही एकच जात. आपल्याला इथल्या माणसांपासून वेगळे काढायचे तर एल्टनच्या वहीत त्यासाठी रकानाच नाही. दुसरे, कोण काय करतो ते पाहा, हे तर एल्टननेच १९२७ मध्ये शिकवले होते. तिचे पुरते समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. शाळेतल्या एका मुलीने त्या तेरड्यावरून तिला काहीतरी ऐकवले होते, हे आम्हांला त्यानंतर दोन दिवसांनी कळले. प्रश्न तिथून आला होता. मग तो सरळ तिच्या बाईंपाशी नेला, एल्टनला बाजूला ठेवून.

एल्टनची शेवटची मोठी कामगिरी ऑक्सफर्डजवळच्या विदम वनातली. १९४२ मध्ये हे वन विद्यापीठाला मिळाले, आणि पुढे वीसेक वर्षे एल्टन तिथे हिंडून कोणता जीव नेमका कुठे राहतो याच्या नोंदी करत राहिला, पानावर, सालीखाली, ओढ्यात, शेणात. त्यावर १९६६ मध्ये त्याने ‘द पॅटर्न ऑफ अ‍ॅनिमल कम्युनिटीज’ हा ग्रंथ लिहिला. वाळून पडलेली झाडे नीटनेटकेपणासाठी उचलून नेली तर रानातल्या पाचव्या हिश्श्याहून जास्त प्राणिजाती जातील, असा त्याचा अंदाज होता. १९६७ मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याचे केंद्रही त्याच साली विद्यापीठाने बंद केले, याचे त्याला वाईट वाटले. मानसन्मान पुष्कळ मिळाले, १९७० चे डार्विन पदक त्यांतले एक. १ मे १९९१ रोजी ऑक्सफर्डला तो वारला. परक्या जातींवरचे त्याचे पुस्तक पहिली वीसपंचवीस वर्षे फारसे कोणी उघडत नव्हते. १९८० च्या दशकात जगभरच्या शास्त्रज्ञांनी हा विषय हाती घेतला तेव्हा ते पुन्हा टेबलावर आले.

विदम वन आजही आहे आणि आगाऊ परवाना काढला की कोणालाही तिथे फिरता येते. वर्गाच्या मे महिन्यातल्या सहलीसाठी आम्ही चौकशी करतो आहोत. ज्यांना यायचे आहे त्यांनी पुढच्या रविवारी आमच्याकडे नावे द्यावीत. कुत्र्यांना तिथे प्रवेश नाही. मुलांनी वही, पेन्सिल आणि असल्यास भिंग आणावे. पडलेले ओंडके तिथे मुद्दाम ठेवलेले आहेत. त्यांची साल सोलू नये, शेजारी उकिडवे बसून बघावे.